किलोवर घेतलेली सनई

धर्मापुरीच्या दूध संस्थेत त्या वर्षी दूध कमी आणि गाणं जास्त होतं. दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं कुणी पाहुण्यांकडे धाडली, कुणी बाजाराला नेली, आणि संकलनाच्या खोलीत कॅन उपडे पडले. फॅट मोजायच्या मशीनची बॅटरी मात्र शाबूत होती. दिवसातले निम्मे तास लाइट नसताना गावात गाणं वाजू शकेल अशी ती एकच जागा होती, म्हणून दर रविवारी दुपारी चौघं तिथं जमत.

संस्थेचे सचिव मोहनराव, शाळेतले महारुद्र गुरुजी, भांड्यांचे दुकानदार मन्मथआप्पा आणि लांबच्या वस्तीवरचे धुळाजी. मोहनरावांचा मुलगा पुण्यात, त्यामुळे त्यांच्याकडे चकचकीत सीडी यायच्या. गुरुजी कॅसेटवाले; खिशात पेन असो-नसो, सैल झालेली पट्टी गुंडाळायला पेन्सिल असायचीच. आप्पा रेकॉर्डवाले, आणि रेकॉर्डवाला माणूस म्हटला की थोडा तऱ्हेवाईक आलाच. सीडीत आवाज धुऊनपुसून येतो, कॅसेटीत झोपेतून उठल्यासारखा येतो, माणसासारखा येतो तो फक्त रेकॉर्डीत, हे ते दर रविवारी एकदा तरी ऐकवत.

त्यांचा रिवाज ठरलेला होता. नवीन काही घेतलं की आधी ते कुठं, कसं मिळालं ते सांगायचं. मग वाजवायचं. वाजताना डोळे मिटून गप्प बसायचं. सांगण्यात आप्पांचा हात धरणारं कुणी नव्हतं. साधी रेकॉर्ड परळीहून आणली तरी ते अशी रंगवून सांगायचे की दुकानदार, त्याची बायको, वाटेतला कंडक्टर सगळे खोलीत येऊन बसल्यासारखे वाटायचे.

धुळाजी कधी काही आणत नसत. “माझ्याकडं हायत थोड्या रेकॉर्डी. पण सायकलवर आणायच्या म्हंजे फुटतील,” एवढंच म्हणत. त्याऐवजी चहासाठी म्हशीचं तांब्याभर दूध आणत. बारा म्हशींचा धनी तो. या वर्षी म्हशी गेल्या आणि खोलीतला चहा काळा झाला. आप्पांनी त्यावरही विनोद केला होता. “धुळाजी, दूध आटलं ते समजलो. रेकॉर्डी कामून आटल्या?” सगळे हसले होते, धुळाजीही.

दसरा झाल्यावरच्या रविवारी धुळाजी आल्या आल्या म्हणाले, “पुढल्या रविवारपासून मी न्हाई. लेकीकडं चाललोय, सांगलीकडं. चार-सहा महिने काढावं म्हणतो.”

दसऱ्यानंतर सहा महिन्यांसाठी तिकडं जाणारा माणूस कशाला जातो, हे बीड जिल्ह्यात शेंबडं पोरही सांगेल. पण बारा म्हशींचा धनी कोयता घेऊन उसाच्या फडात उतरेल असं त्या तिघांच्या मनातही आलं नाही. “लेकीला आशीर्वाद सांगा,” गुरुजी म्हणाले, आणि आप्पा तर घाईतच होते. त्यांच्या पिशवीत त्या दिवशी घबाड होतं.

“पाच रेकॉर्डी,” आप्पांनी त्या टेबलावर मांडल्या. नव्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, पुसूनबिसून. “आणि घेतल्या कशा? किलोवर.”

मग त्यांनी सुरुवात केली. भंगारवाल्याच्या तराजूत एका बाजूला रेकॉर्डी, दुसऱ्या बाजूला वजनं. वरून रेकॉर्डींना पेंडीच्या पोत्याच्या शिवलेल्या कळकट पिशव्या. “त्या पिशव्यांसकट वजन करायला लागला. म्हटलं, बाबा, पोत्याचे पैसे मी देणार न्हाई.”

एवढ्यावर थांबले असते तर काही बिघडत नव्हतं. पण समोरची माणसं हसायला लागली की आप्पांना पुढचं आपोआप सुचायचं. विकणाऱ्याला त्यांनी पाहिलंही नव्हतं. तरी ते खुर्चीतून उठले, धोतराचा सोगा वर धरल्यासारखा केला, तोंड वासलं आणि एक गावंढळ माणूस उभा केला. “भंगारवाले भाऊ, हे काळे तवे घ्या. भाकर बी भाजंना त्याच्यावर, चुलीवर ठिवलं की नुस्ता धूरच.”

मोहनरावांच्या डोळ्यांतून पाणी आलं. गुरुजींनी मांडीवर थाप मारली. धुळाजीही हसले. थोडे उशिरा हसले, पण ते आप्पांना नंतर आठवलं.

वाजवायला आप्पांनी सनईची रेकॉर्ड काढली. वाजवणाऱ्याचं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. प्लेअर बॅटरीला जोडला, सुई ठेवली, चौघांनी डोळे मिटले. सनई फार चांगली होती. आप्पांनी ती घरी दोनदा ऐकली होती, आणि एका जागी ती अडकते हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला ठेवला होता. जागा जवळ आली तसा त्यांनी हात पुढं केला.

तिथं धुळाजींचं बोट आधीच होतं.

धुळाजींचे डोळे मिटलेले होते. न बघता त्यांनी बोट सुईच्या दांड्यावर अलगद टेकवलं, सुई ती जागा ओलांडून पुढं गेली, सनईचा एक सूरही चुकला नाही. मग त्यांनी डोळे उघडले, आपला हात कुठं आहे ते पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घेतला.

पुढची सनई आप्पांना ऐकू आली नाही. आपण मघाशी उभा केलेला तो वासलेल्या तोंडाचा माणूस समोर बसून आपल्याकडे बघतोय, आणि तो तोंड वासून नव्हे, डोळे मिटून ऐकणारा माणूस आहे, एवढंच त्यांना कळत होतं. रेकॉर्ड संपली. गुरुजी आणि मोहनराव वाहवा म्हणाले. त्या दोघांनी काहीच पाहिलं नव्हतं. धुळाजींनी सगळ्यांना हात जोडले आणि सायकल काढून ते गेले.

सोमवारी सकाळी आप्पा दुकान न उघडताच वस्तीवर गेले. पाचही रेकॉर्डी बरोबर घेतल्या होत्या. वाटेत त्यांनी बोलायचं मनाशी चार वेळा जुळवलं. माफ करा म्हणावं की म्हणूच नये, इथंच गाडी अडत होती.

वस्तीवर बैलगाडी भरणं चाललं होतं. दोन गोधड्या, पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, आणि चिंधीत गुंडाळलेले दोन कोयते. आप्पांना बघून धुळाजींनी कोयत्यांवर गोधडी ओढली. मग त्यांनाच ते कसंतरी वाटलं असावं. त्यांनी ती पुन्हा बाजूला केली.

“या आप्पा. बसा.” बसायला त्यांनी पेटीच खाली काढून दिली. बायको सुंदरबाई काळा चहा घेऊन आली. तिनं कप हातात देताना मान खाली घातली. बारा म्हशींच्या घरातला काळा चहा आप्पांनी तसाच हातात धरून ठेवला.

“ह्या तुमी ठेवा,” आप्पा कसेबसे म्हणाले. “माझ्याकडं लई झाल्यात.”

धुळाजींनी रेकॉर्डींना हात लावला नाही. “मोकळ्या घरात कुठं ठेवू? उंदरं कुरतडतील. असू द्या तुमच्याकडं. वाजवत जा, नाहीतर बुरशी धरते. आन सनईला ती जागा हाय, तिथं आधीच बोट लावा. अडकल्यावर लावलं की चरा खोल व्हतो.”

“धुळाजी, मी काल ते...”

“तुमी काय माझं नाव घेऊन केलं का? ते सोडा. फक्त कुणापाशी माझं नाव नका काढू. लेकीकडंच गेलोय म्हणा.” आणि मग खरोखरच हसून, “पर नकल लई झ्याक केली बघा तुमी. काल हिला करून दाखवली. दोन महिन्यांनी हसली.”

सुंदरबाईनं तोंडाला पदर लावला. तिला पुन्हा हसू येत होतं. आप्पांनी कपात बघितलं. कुणी कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

निघताना तीच म्हणाली, “आप्पा, पिशव्या नीट हायत न्हवं? पोतं म्या सोड्याच्या पाण्यात चार येळा उकळून मऊ केलतं. रेकॉर्डीला ओरखडा येऊ नये म्हणून.”

“हायत,” आप्पा म्हणाले. “नीट ठेवल्यात.”

एवढं खोटं ते आयुष्यात बोलले नव्हते, आणि ते काही कमी खोटं बोललेले नव्हते. घरी येऊन त्यांनी परडं पालथं घातलं. चार पिशव्या बायकोनं, नीलम्मानं, त्यांच्याच सांगण्यावरून बंबात घातल्या होत्या. पाचवी मोरीच्या तोंडाशी पाय पुसायला पडलेली होती. आप्पांनी ती उचलली. आतली शिवण दुहेरी होती, कोपरे आत वळवून घेतलेले. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा, घागर दोन दिवस पुरवायची होती. आप्पांनी आपल्या वाटणीच्या पाण्यातून तांब्याभर घेतलं आणि पिशवी धुतली. नीलम्मानं कारण विचारलं. त्यांनी पिशवी दोरीवर वाळत घातली.

रविवारी तिघंच जमले. मोहनरावांनी एका पाहुण्यालाही आणलं होतं. “आप्पा, ती भंगार विकणाऱ्याची नक्कल करा. यांना ऐकवायची म्हणून मुद्दाम आणलंय.”

“ते मी बनवून सांगितलं होतं,” आप्पा म्हणाले. “त्या माणसाला मी बघितलंच नव्हतं.”

बनवून सांगणं त्यांच्यात नवीन नव्हतं, पण ते कबूल करणं नवीन होतं. “मग खरा कसा असेल तो?” गुरुजींनी विचारलं.

नाव ओठांवर आलं होतं. आप्पांनी ते गिळलं. “आपल्यापेक्षा बरं ऐकणारा असेल,” म्हणाले, आणि पोत्याच्या पिशवीतून सनई काढली.

“हे काय, प्लॅस्टिकचं पाकीट गेलं कुठं?” मोहनराव हसले. आप्पांनी सुई ठेवली. सगळ्यांनी डोळे मिटले, आप्पांनीही मिटले; आज न बघता करायचं त्यांनी ठरवलं होतं. सनई चढत गेली. ती जागा जवळ आली, त्यांनी बोट पुढं केलं, चाचपडलं, दांडा सापडेपर्यंत सुई अडकली होती. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि चरा थोडा आणखी खोल गेला.