एका धावणारीच्या जागी दोन

अमरावतीच्या घरात दुपारी खुशी झोपली, की प्रतीक्षा आधी कूलरचा झोत पाळण्यावरून बाजूला वळवायची आणि मग पाय न वाजवता टेबलावरच्या कॉम्प्युटरपाशी जायची. आज मात्र ती जवळजवळ धावतच गेली. थोड्याच वेळात अकोल्याहून मंजुषा तिची परीक्षा घेणार होती.

मंजुषा तिची हॉस्टेलातली मैत्रीण आणि पोरींच्या गेमिंग टीमची कप्तान. रविवारी अकोल्यात स्पर्धा होती. बाळंतपणानंतर प्रतीक्षा पहिल्यांदाच उतरायचं म्हणत होती, तर मंजुषानं सरळ सांगून टाकलं होतं, "मैत्री मैत्रीच्या जागी वं. माह्यासंगं एक डाव खेळ. नेम लागला त तू टीममदी, नाही त बसून टाळ्या वाजव."

नेम लागत नव्हता, हेच तर दुखणं. आठवडाभर सराव करताना भिंतीआडून कुणी पळत निघालं, की एकाच्या जागी दोन दिसायचे. एक ठळक, मागे एक पुसट. गोळी नेमकी मधल्या रिकाम्या जागेतून निघून जायची. खुशी झाल्यापासून सलग झोप अशी नव्हतीच. आपले डोळेच मंदावले, असं तिला मनातून वाटू लागलं होतं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं; आज मंजुषाला एकाच्या जागी दोन दिसतात, एवढंच सांगितलं.

"पुसट कोन्या बाजूले?" स्पीकरवर ठेवलेल्या फोनवरून मंजुषानं विचारलं.

"मागं. म्हशीमागं वगार पळते ना, तसं."

"मंग पडद्याचं काहीतरी हाय. स्ट्रोबिंग चालू हाय ना?"

चालू होतं. स्ट्रोबिंग म्हणजे पडद्यामागचा दिवा सतत जळत राहत नाही. प्रत्येक चित्रापुरता लख्खकन उजळतो आणि विझतो. डोळ्याला लुकलुक कळत नाही, पण पळतं माणूस पुसल्यासारखं न दिसता रेखीव दिसतं. फक्त दिवा वेळेवर लागायला हवा. आधीचं चित्र पुरतं जायच्या आत लागला, तर त्याची सावली मागे राहते.

"व्हिडिओ कॉल लावू?"

"मोबाइलात नुसते काळे पट्टे दिसतीन. तोंडानंच सांग. आधी सेकंदाले एकशे चव्वेचाळीस चित्रांवरून एकशेवीसवर ये. पडद्याले जरा सवड भेटू दे."

प्रतीक्षानं पडद्यावर चाचणीचं सरकतं चित्र लावलं आणि मॉनिटरमागचं इवलंसं बटण चाचपलं. दिवा लागायची वेळ ती थोडी थोडी पुढे सारत गेली, तशी चित्रामागची सावली खाली खाली सरकू लागली.

"आता?"

"अजून हाय... अजून... गेली वं! पार खालच्या काठाले गेली!"

स्ट्रोबिंगनं पडदा मंद झाला होता, म्हणून तिनं खिडकीचा पडदाही ओढला. बाहेरच्या खोलीत झेंडूचे हार ओवत बसलेल्या सासूबाई, पार्बताबाई, दारातून डोकावल्या.

"भर दुपारी अंधार कराले काय झालं? पोट्टीले झोपवून कोनाले मारून राहिली?"

"अजून कोनालेच नाही, आई. नेमच नाही लागून राहिला."

"मंग नीट पाह्य ना. येवढा मोठा टीव्ही हाय त!" म्हणत त्या हारांकडे परतल्या.

प्रतीक्षानं खेळ उघडला. पहिली धावणारी निघाली, आणि पुन्हा दोन.

मंजू, दुसरी कोणी घे, असं तिच्या ओठांवर आलंही. पण मघाशी याच पडद्यावर, याच डोळ्यांना सरकतं चित्र एकच दिसलं होतं! मग डोळ्यांवर आळ कशाला? तिनं खेळाच्या कोपऱ्यातला, सेकंदाला किती चित्रं येतात तो आकडा बघितला. साठ.

आणि ती खुदकन हसली.

माहेराहून लेकीला घेऊन आली, तेव्हा खेळ सुरू केला की कॉम्प्युटरचा पंखा घोंघावायचा आणि खुशी दचकायची. म्हणून तिनंच खेळाला साठाचा लगाम घातला होता. पुढे ती ते साफ विसरली. खेळ साठ चित्रं देणार, दिवा एकशेवीसदा लागणार. म्हणजे एकच चित्र दोनदा उजळणार. तोवर डोळे धावणारीबरोबर पुढे गेलेले, म्हणून तिची जुळी बहीण मागे.

"काहून हसून राहिली?"

"काही नाही. आईपणाची सेटिंग राहून गेली होती."

तिनं लगाम काढला. पंखा घोंघावला. तिनं श्वास रोखून पाळण्याकडे पाहिलं. खुशीनं मूठ हलवली, ओठ चुटचुटवले आणि पुन्हा झोपली. कूलरच्या घरघरीत वाढलेलं लेकरू, आता एवढ्यानं थोडंच दचकणार!

डाव सुरू झाला. मंजुषानं तिला सुरुवातीला धूळ चारली. हात वर्षभर गंजलेलेच होते. मग एकदा मंजुषा गोदामाच्या दारातून सुसाट निघाली. एकटी. पाठीवरच्या पिशवीचा पट्टासुद्धा दिसावा इतकी स्वच्छ. प्रतीक्षाचं बोट आपोआप दाबलं गेलं.

"अबे!" फोनमध्ये मंजुषा ओरडली.

त्यानंतर ती आणखी दोनदा ओरडली. डाव मात्र अखेर तीच जिंकली.

"हरली तू," धापा टाकत ती म्हणाली.

"हाव."

"पन मले घाम फोडला. टीममदी सामोर खेळशीन तू. रविवारी सकाळच्या गाडीनं ये."

"अन् खुशीले कोन धरीन?"

दारातून उत्तर आलं. हातात अर्धा हार घेऊन पार्बताबाई केव्हाच्या उभ्या होत्या.

"मी येतो ना! अकोल्याले मायी बहीण हाय. लेकराचं मी पाहीन. पन आता हरली तशी तिथं नोको हरू, सांगून ठेवतो."