शिकवणीवर हरकत

परळच्या ख्रिस्ती मंडळीत नव्या पाळकाचा दीक्षाविधी असला की देवळाच्या दारात उभं राहून भिवा शिपायानं एक इंग्रजी वाक्य ओरडायचं, ही गोऱ्या साहेबांच्या वेळची रीत. या माणसाच्या आचरणावर किंवा शिकवणीवर कोणाची हरकत असेल तर त्यानं आत येऊन सांगावी, असा त्याचा अर्थ. पंचवीस वर्षांत कोणी आलं नव्हतं. येणार कोण? बाकांवरच्या गिरणीवाल्यांना ते वाक्य म्हणजे भोंगा. वाजला की विधी सुरू.

जाईबाईंना मात्र अर्थ ठाऊक होता. त्यांच्या मुलानं, शरदचंद्रनंच, तो सांगितला होता, आणि आज दीक्षा त्याचीच होती.

सात वर्षं तो धर्मशास्त्राच्या इंग्रजी कॉलेजात होता. तिथं त्याला जाईबाईंनीच घातलं होतं, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात सुतावर बोटं सोलून. कारण त्यांचा नवरा मराठी वर्गात शिकलेला. मराठीत शिकला तो नुसता उपदेशक, इंग्रजीत शिकला तो पाळक, असा तेव्हाचा हिशेब. तीस वर्षं त्या माणसानं चाळीचाळीत उपदेश केला, पण एका पोराच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घालायची त्याला मुभा नव्हती. तो गेला तेव्हा माती द्यायला आलेल्या पाळकानं त्याचं नावसुद्धा धड घेतलं नाही.

काल जेवताना शरद म्हणाला होता, "आई, शपथा इंग्रजीतच घ्याव्या लागणार. मराठीत छापलेल्याच नाहीत. तासाभराचा प्रश्न आहे. मग जन्मभर मराठीच बोलायचंय मला."

"पहिला तास त्यांचा, मग तू कोणाचा रे?"

"सात वर्षं घालवलीत मी."

"आणि मी काय फुगड्या घालत होते?"

शरदनं ताट सारलं.

आज देऊळ भरलं होतं. बाहेरच्या भिंतीवर कोणीतरी चुन्यानं 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' लिहिलं होतं. मागच्या बाकावर शेजारची चंपा कुबडी टेकून बसली होती. जानेवारीत लालबागच्या गोळीबारात तिच्या पायाला गोळी लागली होती. पुढं प्रेस्बिटरीचे, म्हणजे मंडळ्यांवरच्या वरिष्ठ सभेचे, सात जण, मधोमध गिरगावहून आलेले अध्यक्ष, आणि खाली मान घालून शरद.

भिवानं दारात छाती फुगवून वाक्य ठोकलं.

जाईबाई उठल्या. पदर खोचला. "माझी हरकत आहे."

अध्यक्षांचा चष्मा नाकावर घसरला. "जाईबाई, तुमच्याच मुलावर? आचरणाबद्दल की शिकवणीबद्दल?"

"आचरण चोख आहे. मी वाढवलंय. हरकत शिकवणीवर. सात वर्षं शिकला, पण आपल्या माणसांना त्यांच्या भाषेत विचारावं, एवढं काही शिकला नाही."

"शिकवण म्हणजे सिद्धांत, बाई! शिक्षण नव्हे."

"तुमच्या इंग्रजीत दोन असतील. आमच्यात एकच."

मागं कोणीतरी खुदकन हसलं. अध्यक्ष लाल झाले. "बाहेरचं राजकारण देवळात आणू नका. इंग्रजी कॉलेजात तुम्हीच घातलंत ना याला?"

"शिकायला घातला, विसरायला नाही."

"हरकतीला लगेच पुरावा लागतो. आहे?"

"उभा आहे की दारात." जाईबाई वळल्या. "भिवा, आत्ता काय ओरडलास रे?"

भिवा गांगरला. "काय म्हायत, जाईबाय. साहेबान पाठ करून घेतल्यान. पंचवीस वर्षां ताच ओरडतंय."

सगळं देऊळ हसलं. अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "नियमाप्रमाणे हरकत खोटी ठरवून मी विधी चालू करू शकतो. शरदचंद्र, तुमचं काय म्हणणं?"

शरद उठला. विधी चालू करा म्हणाला तर पाळक होणार, बापाला न मिळालेलं ते पोराला मिळणार. नाही म्हणाला तर हे सात जण त्याला पुन्हा उभा करतील याचा काय भरवसा? पण त्या बसल्या नाहीत.

"हरकत खरी आहे," शरद म्हणाला. "मला मराठीत विचारा, मी मराठीत उत्तर देतो."

"मराठी मसुदा नाही."

"मी लिहून देतो."

"तो प्रेस्बिटरीसमोर जाईल. तीन महिने लागतील. मंजूर होईलच असं नाही."

"थांबतो."

"आम्हीही थांबतो," मागून चंपा ओरडली आणि कुबडी फरशीवर आपटली. त्यापाठोपाठ बाकं वाजायला लागली.

तिनाचे पाच महिने झाले. मसुदा दोनदा परत आला, शरदनं दोनदा पुन्हा लिहिला. त्या दिवसांत मंडळीतल्या काही बायांनी जाईबाईंशी बोलणं टाकलं. जाईबाईंनी त्यांच्या दारावरून जाताना मान आणखी ताठ ठेवली.

मग एका रविवारी भिवा दारात उभा राहिला आणि कपाळाचा घाम पुसत मराठीत ओरडला. कोणी खोकलं नाही. पहिल्यांदाच लोक ते ऐकत होते, एकमेकांकडे बघत होते, खरंच विचार करत होते. भिवाला ती शांतता सोसवेना.

"जाईबाय," तो हळूच म्हणाला, "तुजी काय हरकत?"

"अजून तरी नाही," जाईबाई म्हणाल्या. "आधी उपदेश होऊ दे."