बावीसशे मीटरचा प्रसाद

"बावीसशे! बावीसशे मीटर!" कुणीतरी ओरडलं आणि इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत, कौन्सिलच्या त्या थंडगार हॉलमध्ये शंभरेक माणसं एकदम पुढे सरकली. मधोमध आमच्या मराठी मंडळाचं वल्ही मारण्याचं व्यायामाचं यंत्र होतं. त्याच्या सरकत्या सीटवर शशिधरराव घामाघूम होऊन बसले होते, समोरच्या मॉनिटरवर लाल अक्षरांत आकडा दिसत होता आणि शेजारी हात उंचावून ओजसनाथ महाराज उभे होते. गेल्या वर्षी हार्ट ॲटॅक येऊन गेलेला हा साठीचा माणूस दहा मिनिटांत जेमतेम अकराशे मीटर जायचा. तो आज दुप्पट गेला होता. बायका डोळे पुसत होत्या. मंडळाचे सेक्रेटरी माधव यांनी भारावून जाऊन मॉनिटरलाच हार घातला, त्यामुळे पुढचे आकडे कुणाला दिसेनात.

ही गोष्ट १९८८ सालची. महाराज लंडनजवळच्या स्लाऊहून आलेले. पूर्वाश्रमी ते मोटारींचे सुटे भाग विकायचे, आणि ती भाषा काही त्यांना सोडून गेली नव्हती.

"भक्तहो, बॉडी म्हणजे काय? बॅटरी! आणि मी कोण? मी फक्त चार्जर! कॉस्मिक करंट वरून येतो, माझ्यातून पास होतो आणि तुमच्या हार्टमध्ये जाऊन डिपॉझिट होतो. डॉक्टर गोळी देतो. गोळी म्हणजे काय? शॉर्ट सर्किट!"

मी टेलिफोनच्या कारखान्यात टेस्टिंग विभागात नोकरीला. करंट डिपॉझिट होतो हे ऐकून मला ठसका लागला. मंडळाचा अधिकृत नास्तिक मीच. दर गणपतीत मी विज्ञानावर भाषण द्यायचो आणि लोक तेवढ्या वेळात चहा घेऊन यायचे. त्यामुळे त्या रविवारी मला राग आला होता आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला होता. आता याला रंगेहाथ पकडतो, असं मी मनाशी ठरवलं.

महाराजांच्या उजव्या हातात सुपारीएवढ्या खड्याची अंगठी होती. असल्या यंत्राच्या चाकावर एक छोटं लोहचुंबक असतं. चाक फिरलं की ते एका सेन्सरसमोरून जातं आणि दर वेळी मॉनिटर एक फेरी मोजतो. फेऱ्यांचे मीटर होतात. म्हणजे अंगठीत चुंबक आणि हात यंत्राजवळ! मला सगळं कळून चुकलं होतं.

तिसऱ्या रविवारी मी भर हॉलमध्ये उभा राहिलो. "महाराज, अंगठी काढून द्या. आणि तुम्ही स्वतः दाराबाहेर उभे राहा."

हॉलमध्ये कुजबुज झाली. माधव माझी बाही ओढत म्हणाले, "श्रीकांत, प्लीज, डोंट मेक अ सीन." पण महाराज हसले. त्यांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, गळ्यातली साखळी काढली, सगळं माझ्या हातावर ठेवलं आणि कार पार्कमध्ये जाऊन उभे राहिले. मी खिशातलं होकायंत्र काढून अंगठीजवळ धरलं. सुई हलली नाही. शशिधररावांनी दहा मिनिटं वल्ही मारली. दोन हजार दोनशे दहा.

टाळ्या थांबेनात. महाराजांचा ऐवज हातात धरून मी मधोमध उभा, आणि ज्यांना महाराजांबद्दल थोडीफार शंका होती तेही आता त्यांच्या पाया पडायला निघाले होते. त्यांना तिकडे मीच ढकललं होतं.

सोमवारी डॉक्टर वैजयंतींचा फोन आला. त्या आमच्या भागातल्या जी.पी., म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि शशिधरराव त्यांचे पेशंट.

"श्रीकांत, तुमचा चमत्कार ऐकला मी. शशिधररावांच्या मिसेस, सुलक्षणावहिनी, आत्ता माझ्या दवाखान्यात येऊन रडून गेल्या. त्यांनी दोन आठवड्यांपासून टॅब्लेट्स बंद केल्यात. हार्ट स्ट्राँग झालंय म्हणतात, मशीननेच सर्टिफिकेट दिलंय. त्या हार्टचं काय होईल याची तुम्हाला आयडिया आहे का?"

"अहो, तो महाराज..."

"महाराजांचं राहू दे. मला एवढंच सांगा, आकडा डबल कधीपासून झाला? आणि त्याआधी ते मशीन शेवटचं कोणी उघडलं होतं?"

 शेवटचं मीच उघडलं होतं.

झालं होतं असं. हिवाळाभर मॉनिटर बंद पडला होता आणि महाराज यायच्या आदल्या दिवशी मंडळाने तो दुरुस्त करायला मला सांगितलं होतं. सीट पुढेमागे सरकताना सेन्सरच्या वायरला घासायची. वरून वायर शाबूत दिसत होती, पण आतली तार तुटली होती. मी ती कापली, सोल्डर केली, वर प्लॅस्टिकची नळी चढवली, पुन्हा घासू नये म्हणून वायर खालून फिरवून बांधली. इथवर काम झकास. मग चाकाच्या जाळीदार कव्हरमधून आत डोकावलो, तर दिसत होता तेवढ्या भागात चुंबक काही दिसेना. पडलं असणार, असं मीच ठरवलं आणि कव्हर जरासं उचलून कपाटाच्या दाराचं एक छोटं चुंबक सेन्सरसमोर येईल असं चाकाला चिकटवून टाकलं. दांडा ओढला, आकडे पळायला लागले. "चालतंय!" असं म्हणून मी हात पुसले. पंधरा वर्षं टेस्टिंग विभागात काढलेला माणूस मी. चालतंय म्हणजे बरोबर चालतंय का, हे बघायचं मला सुचलं नाही.

मंगळवारी कामावरून सरळ हॉलवर गेलो, कव्हर काढलं आणि चाक हाताने हळूहळू फिरवलं. मॉनिटरच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका आहे, सेन्सरने चुंबक पकडलं की तो लुकलुकतो. माझं चुंबक समोर आलं, ठिपका लुकलुकला. अर्धी फेरी झाली आणि तो परत लुकलुकला. धुळीच्या थराखाली, चाकाच्या पलीकडच्या अर्ध्या भागात, कारखान्यातून आलेलं मूळ चुंबक आपल्या जागी घट्ट बसलेलं होतं.

एका फेरीच्या दोन. अकराशेचे बावीसशे. शशिधररावांच्या हृदयाचा त्यात काही संबंध नव्हता, आणि महाराजांचाही नव्हता. तो चमत्कार मी केला होता.

आता सांगतो ते सांगायला मला आजही लाज वाटते. मी ते जास्तीचं चुंबक उपटलं, खिशात टाकलं, कव्हर लावलं आणि घरी गेलो. ना शशिधररावांना फोन केला, ना वैजयंतींना. अंगठीच्या प्रकरणात झालेली फजिती अजून ताजी होती. त्यावर आणखी ही? मी स्वतःची समजूत घातली की बोलायची गरजच नाही. रविवारी आकडा आपोआप अकराशेवर येईल, महाराज तोंडावर पडतील, शशिधरराव गोळ्या सुरू करतील. ही युक्ती आहे असं मी स्वतःला सांगत होतो. भित्रेपणा होता तो, दुसरं काही नाही.

रविवार आला. दहा मिनिटं झाली. अकराशे वीस.

शशिधरराव मॉनिटरकडे बघतच राहिले. महाराजांनी डोळे मिटले, उघडले आणि सरळ माझ्याकडे बोट केलं.

"कुणीतरी डाउटचं पॉयझन कालवलंय! सर्किट ब्रेक झालंय! शशिधर, तुझी श्रद्धा लीक होतेय. पुन्हा बस. फुल पॉवर लाव!"

"हो महाराज," शशिधरराव म्हणाले. "आणखी एक चान्स द्या."

"अहो, नको ना," सुलक्षणावहिनी म्हणाल्या. शशिधररावांनी ऐकलं नाही.

ते पुन्हा बसले आणि जीव खाऊन ओढायला लागले. मी पाच फुटांवर होतो. ते हरवलेले अकराशे मीटर माझ्या कोटाच्या खिशात होते. एक वाक्य बोललो असतो तर ते थांबले असते. मी तोंड उघडलं, सगळे माझ्याकडेच बघत होते, आणि मी ते मिटलं. सहाव्या मिनिटाला शशिधररावांच्या हातातून दांडा सुटला आणि ते सीटवरून खाली कलंडले.

ॲम्ब्युलन्स वेळेवर आली म्हणून ते वाचले. हृदयाचा आणखी एक तुकडा मात्र कायमचा निकामी झाला.

सोमवारी मी वैजयंतींना सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिथे गप्प बसलात, तिथे सांगा."

पुढच्या रविवारी हॉल खच्चून भरला होता. महाराजही आले होते, शशिधररावांसाठी सामुदायिक जप घ्यायला. मी यंत्राचं कव्हर काढलं, चुंबक पुन्हा चिकटवलं, चाक हाताने फिरवलं आणि लोकांना एकेक करून ठिपका मोजायला लावला. मग चुंबक काढून पुन्हा मोजायला लावला. कुणी चहाला गेलं नाही.

"हे मी केलं," मी म्हणालो. "चुकून केलं. पण मंगळवारी मला कळलं होतं, आणि रविवारी मी गप्प बसलो."

महाराज क्षणभरच गोंधळले. "बघा लीला!" ते गरजले. "चुंबक याच्या हातून लागलं, पण लावून घेणारा कोण? मी! माझ्याच इच्छेने याचा हात चालला!"

काही माना चक्क डोलल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून सुलक्षणावहिनी उठल्या.

"असं का?" त्या म्हणाल्या. "मग माझ्या नवऱ्याच्या गोळ्या बंद झाल्या, त्याही तुमच्याच इच्छेने ना? ते इथे जमिनीवर पडले, तेही? सगळं तुमचंच असेल, तर हेही घ्या नावावर. चला माझ्याबरोबर हॉस्पिटलमध्ये, आणि तिथल्या नर्सला तसं सांगा."

महाराजांचे ओठ हलले, पण करंट काही आला नाही. शाल सावरून ते जे कार पार्कमध्ये गेले, ते कॉव्हेंट्रीत पुन्हा दिसले नाहीत. वहिनी मग माझ्याकडे वळल्या. "आणि भाऊजी, तुम्ही. तो महाराज अडाणी होता. तुम्हाला तर माहीत होतं." हॉलमधलं कुणी माझी बाजू घेतली नाही, आणि घ्यायलाही नको होती.

त्याच दुपारी हॉस्पिटलमध्ये गेलो. शशिधररावांना घडलेलं सगळं सांगितलं. ते छताकडे बघत होते.

"म्हणजे अकराशेच," ते म्हणाले. "श्रीकांत, वीस वर्षं फाउंड्रीत काम केलं, कुणी शाबास म्हटलं नाही रे. तो आकडा म्हणाला. मला तपासून बघायचंच नव्हतं." मग म्हणाले, "मंगळवारी तू सांगितलं असतंस तर मी ऐकलं असतं का, कुणास ठाऊक. पण सांगायला हवं होतंस."

मी मान खाली घातली.

म्हणून वाचकहो, चमत्कार दिसला तर भारावण्याआधी यंत्र उघडा, चाक हाताने फिरवा, स्वतः मोजा. कुणी गोळ्या बंद करायला सांगितलं तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि मोजण्यात चूक सापडली, ती तुमच्याच हातची निघाली, तर त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका. मला बारा दिवस लागले, आणि त्यांची किंमत दुसऱ्याच्या हृदयाने मोजली.