शनिवारचे फोटो

रंजूने पासवर्डचा शेवटचा आकडा दाबला आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. पासवर्ड म्हणजे तिच्याच लग्नाची तारीख. तो नवऱ्याने, प्रविणने ठेवला होता, ईमेलही त्यानेच काढून दिला होता. नागपूरहून लेकीला, गुड्डीला घेऊन ती एकोडीला माहेरी आली त्याला सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत तिने त्या ईमेलला हात लावला नव्हता.

पडद्यावर निळं वर्तुळ फिरत राहिलं.

भाऊ पुण्याला जाताना हा कॉम्प्युटर घरी ठेवून गेला होता. त्यातलं फोटो पाहायचं जुनं सॉफ्टवेअर महिनाभरापासून उघडायलाच तयार नव्हतं, म्हणून ऑनलाइन सेंटरवाल्या अंजूने काल येऊन नवं टाकून दिलं होतं. ईमेल टाकला की सगळे फोटो आपोआप येतील, गुड्डीचे तेवढे उतरवून घे आणि मग ते खातंच बंद करून टाक, असं तिने समजावलं होतं.

"मी उघडलं तं त्याले समजन का?" रंजूने विचारलं होतं.

"नाई समजत," अंजू म्हणाली होती, आणि चप्पल घालता घालता पुढे, "बहुतेक."

त्या 'बहुतेक'पायी रंजूला रात्रभर झोप नव्हती.

घरात कोणी नव्हतं. आई शेतावर होती. बाबा गुड्डीला लुनावर पुढे उभी करून साकोलीला गेले होते. शनिवारी तिला फिरवून आणायचं, हा त्यांचा अलीकडचा नेमच झाला होता.

वर्तुळ थांबलं आणि फोटो येऊ लागले. दवाखान्यातली लालबुंद गुड्डी, डोळे मिटलेली. पहिलं जावळ. पहिल्यांदा उभी राहिलेली, खाटेचा पाय धरून. रंजू खुर्चीत पुढे सरकली. एकेका फोटोवर ती खूण करत गेली, आणि कितीतरी दिवसांनी तिचे खांदे सैल पडले.

मग तिने नवे फोटो वर येताना पाहिले. हे तिने काढलेले नव्हते. जेवणाचं ताट. मोटरसायकलचं मीटर. नागपूरची खोली, दोरीवर एकच शर्ट. तिला कळायला क्षणभर वेळ लागला. प्रविणचा मोबाइल अजून त्याच खात्याला जोडलेला होता. तो जे काढत होता ते इथे, तिच्या समोर येत होतं.

सगळ्यात वरच्या फोटोत गाडीचा आरसा होता आणि त्यात कापलेल्या धानाची शेतं. त्याच्या शेजारी फाट्यावरची पाटी. पाटीवर एकोडी. खाली तारीख आजची, वेळ दहा वाजून बारा मिनिटं.

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते.

रंजूने उठून मागच्या दाराची कडी लावली, मग पुढच्या. बाबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलला नाही. पुन्हा लावला. ती परत पडद्याकडे आली तेव्हा नवा फोटो येऊन बसला होता. फाट्यावरची चहाची टपरी. बाकावर गुड्डी, डोक्याला नवा गुलाबी पट्टा, हातात समोसा. तिच्या शेजारी बाबा.

मागे सरकवत गेली तशी आधीचे शनिवार निघाले. तोच बाक, तेच बाबा. पाच वेळा.

तिने ओढणी घेतली, कडी काढली, आणि तेवढ्यात लुनाचा आवाज आला.

गुड्डी धावत आत शिरली. रंजूने तिला उचलून घेतलं, हात पाहिले, पाय पाहिले, केसांत नाक खुपसलं. केसांना प्रविणच्या अत्तराचा वास येत होता.

"पट्टा कोन घेऊन देल्ला?"

गुड्डीने आजोबांकडे पाहिलं.

"मी देल्लो. साकोलीच्या दुकानातून," रंजूचे बाबा, वासुदेवराव म्हणाले आणि माठाकडे वळले.

रंजूने गुड्डीला आतल्या खोलीत चित्रांचं पुस्तक दिलं, परत आली आणि पडदा बाबांच्या बाजूला फिरवला.

वासुदेवरावांनी पेला तोंडाला लावलाच नाही. ते खाटेच्या कडेवर बसले.

"दिवाळीनंतर त्याचा फोन आल्ता," ते म्हणाले. "म्हने, पोरगी दाखवा, नाई तं घरी येऊन उचलून नेतो. मी म्हनलं, घरी नोको येऊ. फाट्यावर पाह्य आन् जाय."

"मले काहून नाई सांगतलं?"

"तू कशी आल्ती, पाह्यलं होतं ना मी. दार वाजलं की मोरीत लपत जात होती. पुन्हा तसं नोको म्हनून."

"आन् तिथूनच घेऊन गेला असता तं?"

रंजूने पडद्याकडे पाहिलं आणि आता तिला दिसलं, प्रत्येक फोटोत बाबांचा एक हात गुड्डीच्या पाठीमागे होता. फ्रॉक मुठीत घट्ट धरलेला. चेहरा हसरा आणि मूठ आवळलेली. तिला त्यांचा राग आला होता तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

पडद्यावर काहीतरी हललं. आणखी एक फोटो आला.

त्यात गल्ली होती. विजेचा खांब, शेजारच्या बायाबाईंच्या अंगणात वाळत घातलेलं धान, आणि त्यांचं स्वतःचं हिरवं दार. दाराशी लुना उभी होती.

लुना तिथे येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती.

"घरी येनार नाई म्हनला होता," वासुदेवराव पुटपुटले. त्यांचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता असा होता, बारीक, लहान मुलासारखा. पेल्यातलं पाणी त्यांच्या धोतरावर सांडलं.

बाबाही इतके घाबरलेले असतील, हे रंजूच्या मनात आजवर आलंच नव्हतं.

"तुमी गुड्डीपाशी बसा," ती म्हणाली. "आतून कडी लावा."

तिने पुढचं दार उघडलं. गल्लीत ऊन होतं. खांबापाशी कोणी नव्हतं. बायाबाई अंगणात धान पायाने हलवत होत्या.

सात महिने या घराने गावाला एकच सांगितलं होतं, जावयाची बदली झाली, मुलगी तेवढ्यापुरती आली आहे.

"मावशी," रंजू म्हणाली, "इथं कोनी गाडीवाला थांबला होता का? गुड्डीचा बाप हाय थो. मी त्याले सोडून आली. मारत होता मले. दिसला तं आवाज द्या."

बायाबाई थांबल्या.

"आत्ताच तं होता खांबापाशी. तुमी आत गेल्यावर आला," त्या म्हणाल्या. "मागल्या शनिवारीबी होता. आमाले वाटलं, भांडन मिटून राहिलं असन. पराया घरचं कायले बोलावं, म्हनून..."

त्यांनी वाक्य सोडून दिलं. धानाकडे पाहिलं, गल्लीच्या टोकाकडे पाहिलं. मग "आसाराम, बाहेर ये जरा," अशी नवऱ्याला हाक मारली, भिंतीशी ठेवलेलं सूप आणि निवडायच्या तांदळाचं टोपलं उचललं, गल्ली ओलांडली, आणि रंजूच्या दारातल्या पायरीवर पाय पसरून बसल्या.

"बस," त्या म्हणाल्या. "खडे लय हायेत यात. दोघी मिळून निवडू."