शीग लावून

त्या दुष्काळात गारखेड्यात इमारती अशा जोमानं उगवत होत्या की, पाऊस फक्त पिकांनाच लागतो हे कुणालाही पटावं. नळ मात्र कोरडे. इंद्रजीतच्या इमारतीत टँकर चौथ्या दिवशी यायचा आणि घरातल्या पाण्याचा कारभार त्याच्या आईकडे होता. मनकर्णाबाई नातू सांभाळायला गंगापूरहून आल्या होत्या.

सून प्रेरणा बँकेत पुन्हा रुजू झाली आणि दोन महिन्यांच्या बाळाला दिवसा डब्याचं दूध सुरू झालं. डब्यावर ‘एक सपाट चमचा’ असं छापलं होतं. मनकर्णाबाईंना कंपनीची कीव आली. माप कसं शीग लावून, वर टोक येईस्तोवर भरावं, हे शिकलेल्यांना कोण सांगणार? त्या चमच्यावर डोंगर रचायच्या आणि पाणी तेवढं हात राखून घालायच्या. पातळ दूध कधी कुणाच्या अंगी लागलंय? बाळ रडलं की दुसरी बाटली. प्रेरणानं दोनदा डबा वाचून दाखवला. दोन्ही वेळा तिच्या शिक्षणाचं कौतुक झालं आणि बाटली घट्टच भरली गेली.

बाळाच्या मनगटांना वळ्या पडल्या, मान दिसेनाशी झाली. काय बाळसं धरलंय, असं शेजारीण म्हणाली, तर मनकर्णाबाईंनी लगोलग दृष्ट काढली.

सहाव्या महिन्यात दवाखान्यातल्या काट्यानं अकरा किलो दाखवले. हे बाळसं नाही, सूज समजा, असाच वाढला तर हा लठ्ठपणा पुढंही पाठ सोडायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि दूध कसं करता ते विचारलं. मनकर्णाबाईंनी पिशवीतून डबा काढून ऐटीत चमचा भरला. डॉक्टरीणबाईंनी पट्टी फिरवून तो सपाट केला. टेबलावर सांडलेली पावडर मनकर्णाबाई हातानं गोळा करू लागल्या.

“बहात्तर साली दुष्काळी कामावर खायला सुकडी अशीच सपाट मापानं मिळायची,” त्या म्हणाल्या. “माझी थोरली लेक त्यातच गेली. भुकेनं लई रडायची. ह्याला मी रडू देणार नाय.”

प्रेरणाला हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. तीही वाकून त्यांच्याबरोबर पावडर गोळा करू लागली.

“आजी, हा भुकेनं रडत नव्हता,” डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. “इतक्या घट्ट दुधानं त्याला तहान लागत होती.”

मनकर्णाबाईंनी नातवाकडं पाहिलं. त्याचे ओठ सुकले होते. इतके दिवस त्या नुसते गालच बघत होत्या.