सातव्या पिंपाची चूळ

मित्रांनो, मी एक जुने पितळी तस्त आहे. तस्त म्हणजे थुंकायचे भांडे. हे वाचून तुम्ही नाक मुरडले असेल, तर तुमचे काही चुकले नाही. मला स्वतःला नाक नाही, नुसते तोंड आहे आणि तेही कायम उघडे. तरी वास मात्र सगळे कळतात. हे कसे, ते मला समजावून सांगता येणार नाही. माझी हकिगत कोणी बसून वाचावी अशी आहे की नाही, याचीही मला शंका आहे. जमेल तशी सांगते.

मला एका तांबटाने घडवले. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून त्याने माझे पोट गोल केले, गळा आवळला आणि तोंडाला रुंद कड दिली. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "किती देखणं झालंय हो. यात फुलं ठेवली तर?" तांबट म्हणाला, "ठेवतील तेही." मला ते खरे वाटले. दुकानाच्या फळीवर बसून मी पुष्कळ दिवस फुलांची वाट पाहिली. तांबट खोटे बोलला, की त्यालाच माहीत नव्हते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मला नेले ते दारू गाळण्याच्या कारखान्यात. मुलांपुढे दारूचे बोलू नये हे मला कळते. पण माझे सगळे आयुष्य त्याच खोलीत गेले, त्याला माझा इलाज नाही. तिथे मक्यापासून बर्बन नावाची दारू गाळतात आणि आतून जाळलेल्या लाकडी पिंपांत काही वर्षे मुरवत ठेवतात. मग त्यातली काही शेवटचे सहा महिने वेगळ्या पिंपांत भरतात. त्या पिंपांत आधी ब्रँडी असते. ब्रँडीचा मनुकांसारखा वास लाकडात राहिलेला असतो, तो बर्बनला लागतो. हे नीट जमले की नाही, ते चाखूनच ठरवावे लागते.

चाखणीच्या खोलीत एक लांब टेबल, पांढरे कापड, पाण्याचे तांबे आणि चार खुर्च्या. कोपऱ्याशी एका तिपाईवर मी. तिथला नियम असा: घोट तोंडात घ्यायचा, घोळवायचा, माझ्यात थुंकायचा, वहीत लिहायचे आणि सगळ्यांचे लिहून झाल्यावरच बोलायचे. गिळायचे नाही. बारा पिंपे गिळत चाखली, तर शेवटच्या पिंपापर्यंत माणूस टेबलाखाली जाईल.

म्हणून ते सगळे माझ्या वाट्याला येते. कोमट झालेली, लाळेने घट्ट झालेली, तोंडातोंडातून फिरून आलेली दारू. भट्टी सांभाळणारा गृहस्थ सकाळी पाव खाऊन येतो आणि दात घासल्याचा त्याचा दावा मला कधीच पटलेला नाही. पिंपे बनवणारा तंबाखू सोडल्याचे सांगतो. काय सोडले आहे ते मला माहीत आहे. त्याच्या मिशीतला एक केस माझ्या तळाशी तीन दिवस फिरत होता. उन्हाळ्यात दुपारपर्यंत माझ्यावर साय धरते. पुढचे लिहीत नाही, तुमच्या जेवणाची वेळ असेल.

पाहुणे येणार असले की मला बाहेरून लखलखीत करत. एक बाई एकदा म्हणाल्या, "काय सुंदर फुलदाणी आहे." मामा म्हणाले, "हो. आत डोकावू नका."

हे मामा म्हणजे तिथले मुख्य चाखणारे. त्यांची सख्खी भाची त्यांच्या हाताखाली काम शिकायला आली आणि त्यांना मामा म्हणू लागली, तेव्हापासून सगळा कारखाना त्यांना मामाच म्हणतो. माणूस सभ्य. त्यांचे थुंकणेसुद्धा सभ्य होते. पंधरा अंक मोजेपर्यंत ते घोट तोंडात धरत आणि मग एका बारीक धारेत, एकही थेंब कडेवर न सांडता, माझ्यात सोडत. वीस वर्षांत त्यांनी नाकारलेले पिंप कोणी परत मागितले नाही, की पास केलेले कोणी परत पाठवले नाही.

मागच्या हिवाळ्यात मामांना मोठा ताप आला. महिनाभराने ते परत आले ते थोडे वाळून. तेव्हापासून त्यांचा घोट तीन अंकांतच माझ्याकडे येऊ लागला, न घोळवलेला, गारच. मला वाटले दात दुखत असतील. एका थुंकायच्या भांड्याने माणसाविषयी काय तर्क करावा? 

आणि मग ब्रँडीच्या बारा पिंपांचा दिवस आला. त्या दिवशी पास झालेली पिंपे दुसऱ्या सकाळी नळ लावून एकाच मोठ्या टाकीत रिकामी करायची होती. एखादे खराब पिंप टाकीत गेले, तर बाराही गेली. तिथल्या सगळ्यांची कित्येक वर्षांची मेहनत गेली.

सगळे बसता बसता पिंपवाला भाचीला म्हणाला, "बाई, तुझं तोंड म्हणजे शाळेतला फळा आहे. तू लिहायच्या आधीच आम्ही वाचून मोकळे."

"मग वाचू नका," असे म्हणून तिने खुर्ची खिडकीकडे वळवली.

"अगं, पाठ फिरवून काय बसतेस?" मामा म्हणाले.

"चेहरा दिसतो म्हणे माझा."

"दिसू दे की. आपलीच माणसं आहेत."

ती तशीच बसून राहिली. पहिली सहा पिंपे चांगली गेली. मग सातवे आले.

पहिली चूळ भट्टीवाल्याची. घोट तोंडात गेला आणि लगेच बाहेर आला. मित्रांनो, माझ्यात काय काय आले आहे ते मी वर सांगितलेच. पण तसले काही आले नव्हते. वर मनुका, जळलेली साखर, आणि खाली महिनोन्महिने साचून सडलेले पाणी. नुसती सडकी चव एकवेळ सोसते. गोडाने झाकलेली सोसत नाही. पिंपवाल्याने तर घोट जिभेला लागूही दिला नाही. भाचीने तीनदा थुंकले आणि वर तांब्यातल्या पाण्याने चूळ भरली. तोवर मामा आपला पेला उजेडाला धरून रंग बघत होते.

मामांची धार नेहमीसारखी बारीक आली. आणि इतर कोणाचे लिहून व्हायच्या आत ते म्हणाले, "छान उतरलंय. ब्रँडी अगदी अंगी लागलीय."

लिहायच्या आधी बोलायचे नाही, हा नियम त्यांचाच होता. भट्टीवाल्याने वहीत 'घाण' लिहायला घेतले होते. त्याने ते खोडून 'छान' लिहिले. पिंपवाल्याने 'छान' लिहिले, जरा मोठ्या अक्षरात. मामांच्या वहीत 'छान' होतेच.

"मामा, सात नंबर सडलंय," भाची म्हणाली.

मामांनी दोघांकडे पाहिले. "तुम्हाला वाटतं तसं?"

"मला तर बरं लागलं," भट्टीवाला म्हणाला.

"पिंपाला काय धाड भरलीय?" पिंपवाला म्हणाला. "माझ्या हाताखालून गेलंय ते."

"सकाळी काय खाल्लं होतंस?" मामांनी भाचीला विचारले.

"काही नाही. चाखणीच्या दिवशी मी उपाशीच येते. तुम्हीच लावलेली सवय."

"मग पित्त झालं असेल."

दोघे हसले. ती हसली नाही. उरलेली पाच पिंपे चाखून झाली आणि मामांनी बाराही पिंपांपुढे सही केली. दोघे जेवायला निघून गेले.

खोलीत मामा आणि भाची उरली. मामा वह्या गोळा करत होते. तिने दोन स्वच्छ पेले घेतले. एकात सात नंबरची बर्बन ओतली. मग मला उचलून मोरीपाशी नेले. मला वाटले, आता रिकामे करणार. तिने मला तिरके केले आणि दुसऱ्या पेल्यात दोन बोटे ओतले. चार माणसांच्या बारा पिंपांच्या चुळा, भट्टीवाल्याच्या पावाचा चुरा, वर फेस. पितळेला शहारे येत असतील, तर ते मला तेव्हा आले.

"मामा, डोळे मिटा आणि दोन्ही पेल्यांचा नुसता वास घ्या. मग मी गप्प बसेन."

"माझी परीक्षा घेतेस होय?" मामा हसले आणि त्यांनी डोळे मिटले.

तीही थोडी हसत होती. मामा झटक्यात मागे सरतील, तिला रागावतील, ती माफी मागेल आणि मग दोघे मिळून सात नंबर पुन्हा नीट चाखतील, असा तिचा बेत असावा. निदान मला तसे वाटते.

मामांनी डावा पेला नाकाशी धरला. लांब श्वास घेतला. "हं. मनुका. थोडी दालचिनी." मग उजवा घेतला. "हा जरा हलका. डावा जास्त मुरलाय. डावाच सात नंबर ना?"

डाव्यात माझ्या पोटातले होते. खात्री करून घ्यायला त्यांनी डावा पेला ओठांकडे नेला.

तिने त्यांचे मनगट पकडले. पेल्यातले बाहीवर आणि पांढऱ्या कापडावर सांडले. मामांनी डोळे उघडले. तिचा चेहरा पाहिला, मोरीपाशी तिरक्या ठेवलेल्या मला पाहिले, पेल्याच्या कडेवरचा फेस पाहिला. पेला ओठांना लागला नव्हता, तरी त्यांनी ओठ पुसले.

"कधीपासून, मामा?"

"तापानंतर." ते खुर्चीवर बसले. "आधी वाटलं, येईल परत. मग बघितलं तर कुणाला कळतच नव्हतं. मी तुझ्या तोंडाकडे बघायचो. तू नाक मुरडलंस की नको, भुवया वर गेल्या की छान. आज तू खिडकीकडे बघत बसलीस, म्हणून मी अंदाजानंच आधी बोलून टाकलं."

"मला सांगायचं नाही का?"

"काय सांगणार? याशिवाय मला येतं काय?"

ती त्यांची बाही पाण्याने पुसत राहिली.  बाही पुसून झाल्यावर मामा स्वतः उठले आणि त्यांनी दोघांना जेवणावरून बोलावून आणले.

"मला वास येत नाही," ते उभ्यानेच म्हणाले. "कित्येक महिने झाले. आता सात नंबरचं खरं सांगा."

"घाण आहे," भट्टीवाला खाली बघत म्हणाला. "तोंडात धरवत नाही."

"मग मघाशी?"

"तुम्ही छान म्हणालात. वीस वर्षांत तुमचं चुकलं नाही, मामा. मला वाटलं, माझ्याच जिभेला काहीतरी झालंय."

पिंपवाल्याला सांगायला जास्त वेळ लागला. रिकामे पिंप कोरडे पडू नये म्हणून त्यात दोन तांबे ब्रँडी ठेवायची असते. सातव्याच्या वेळी ब्रँडी हाताशी नव्हती. "दोन दिवसांसाठी पाणी घातलं आणि विसरलो. आठवलं तेव्हा उन्हाळा सरला होता. पुसलं, वाळवलं, भरलं. म्हटलं, ब्रँडीच्या वासात जाईल दबून."

किळस म्हणजे काय ते मला नव्याने सांगायला नको. पण सगळ्यात जास्त किळस मला त्या वह्यांची आली. त्यांत खोटे 'छान' लिहिणाऱ्या दोघांची चूळ माझ्यापाशी होती, आणि चूळ खरी होती.

मामांनी सात नंबरपुढची आपली सही खोडली. ते पिंप गटारात ओतले. दोन दिवस सगळ्या आवाराला वास येत होता. तो न येणारा माणूस एकच होता.

आता मामांच्या खुर्चीत भाची बसते आणि तिची पाठ कुणाकडे नसते. मामा शेजारी बसून तिच्या तोंडून ऐकतात आणि लिहितात. संध्याकाळी ते मला मोरीवर नेऊन घासतात. आजवर ज्यांनी मला घासले, त्यांनी हात लांब करून, तोंड फिरवून घासले. मामा मला मांडीशी धरतात आणि आत पार कोपरापर्यंत हात घालतात. "या कामाला आता माझ्याइतका लायक माणूस नाही," असे ते पहिल्या दिवशी म्हणाले होते. भाचीला हसावे की नाही ते कळले नाही. मग ती हसली.

मित्रांनो, उपदेश करण्याचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. तरी एवढेच मागते. तोंडात काही वाईट आले, तर समोर कितीही मोठे माणूस 'छान' म्हणत असो, ते बाहेर टाका आणि वहीतही तेच लिहा. त्या मोठ्या माणसाला कदाचित वासच येत नसेल आणि तो तुमच्या तोंडाकडे बघत असेल. आणि टाकून झाल्यावर भांडे त्याच दिवशी घासा. रात्रभर तसे राहणे काय असते, ते मी तुम्हाला सांगितलेले नाही, आणि सांगणारही नाही.