मीच मारलेले पट्टे

ताईच्या नवऱ्याने नवी गाडी घेतली आणि आम्हा दोघांना फिरायला नेलं. हमरस्त्यावर भावजींनी एक बटण दाबलं, स्टिअरिंग सोडलं आणि हाताची घडी घातली.

"आता ही पांढरे पट्टे बघून आपली आपण चालते. माणसापेक्षा हुशार आहे!"

मागच्या सीटवरून मी पुढे वाकून रस्ता बघू लागलो. रस्त्यावर पट्टे मारणं हाच माझा धंदा. पुढे दुरुस्तीसाठी रस्ता काही दिवस डावीकडून वळवला होता. काम संपलं, रस्ता पुन्हा सरळ झाला, पण वळणाचे जुने पट्टे खोडायचा मी कंटाळा केला होता.

"भावजी, स्टिअरिंग धरा!"

"घाबरट कुठला! तिला सगळं दिसतं."

तिला फक्त पट्टे दिसत होते. गाडी ऐटीत डावीकडे वळली. ताई किंचाळली, भावजींनी करकचून ब्रेक दाबला आणि गाडी मुरुमाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. कुणाला खरचटलंही नाही.

भावजी खाली उतरून पट्टे मारणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागले. ताईने एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सगळं ओळखलं.

"अहो, जरा जपून," ती म्हणाली, "त्या पिढ्या माझ्याही आहेत."

मी हातांनीच मुरूम उपसायला लागलो.